पाट्या वाटल्या, पुढे काय?



शाळा उघडण्याचे दिवस आले की महाराष्ट्रातील बहुतेक तालुक्यांच्या गावी एक समारंभ हमखास होतो. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटांगणात मांडव पडतो, मागे क्लबाचे बोधचिन्ह असलेला कापडी फलक लागतो, पहिलीची मुले रांगेने येऊन पाटी, दप्तर, वह्या घेतात, छायाचित्र निघते आणि अल्पोपाहारानंतर पाहुणे आपापल्या गाड्यांनी परततात. ह्या समारंभाची थट्टा करण्याचे कारण नाही. ज्या घरात जूनमध्ये बियाणे आणि वह्या यांपैकी एकच काहीतरी परवडते, त्या घराला त्या दप्तराचे मोल ठाऊक असते. पण त्याच पटांगणाच्या कडेला, कुंपणाशी, डोक्यावरचा पदर सावरत त्या मुलाची आई किंवा आजी उभी असते. दप्तरावर छापलेले क्लबाचे नाव तिला वाचता येत नाही. समारंभातील कोणाचीही नजर तिच्याकडे जात नाही, आणि गेली तरी तिला द्यावे असे काही टेबलावर मांडलेले नसते.

आजचा विषय ती बाई आहे. सेवा क्लबांनी साक्षरतेच्या कामात यावे, असे आवाहन करणारी भाषणे आपण पुष्कळ ऐकली असतील. अशा भाषणांत साक्षरता म्हणजे शाळेच्या भिंतींना रंग, बाके, संगणक, पाण्याची टाकी असा अर्थ सहसा घेतला जातो. ती कामे चांगलीच आहेत. ती पैशाने होतात, आणि पैसा उभा करण्यात क्लबांचा हातखंडा आहे. अक्षरओळखीचे काम मात्र धनादेशाने होत नाही. त्याला तास लागतात.

किती तास? १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले, तेव्हा एका प्रौढ व्यक्तीला वाचन, लेखन आणि व्यवहारापुरते गणित येण्यासाठी सुमारे २०० तासांचे शिक्षण लागते, असा हिशेब धरून तीन भागांची वाचनपुस्तके तयार करण्यात आली. मोठ्याने वाचताना मिनिटाला ३० शब्द, ही त्या मिशनने ठरवलेली एक कसोटी होती. आता हा हिशेब जरा मांडून पाहावा. रोज दोन तास, आठवड्याचे सहा दिवस वर्ग भरला, तर २०० तासांना साधारण सतरा आठवडे लागतात, म्हणजे चार महिने. खाडा धरला, लग्नसराई आणि सुगी धरली, तर सहा महिने. आठवड्यातून एका रविवारी दोन तास, अशा हौशी पद्धतीने शिकवायचे ठरवले तर जवळजवळ दोन वर्षे. एका दिवसाच्या प्रकल्पात, मग तो कितीही देखणा असो, हे बसत नाही.

एकूण काम केवढे आहे, हेही पाहावे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात पंधरा वर्षांवरील निरक्षरांची संख्या २५ कोटी ७६ लाख होती. त्यात पुरुष ९ कोटी ८ लाख आणि स्त्रिया १६ कोटी ६८ लाख. पुढे 'साक्षर भारत' योजनेत, २०१८ मध्ये ती संपेपर्यंत, ७ कोटी ६४ लाख लोकांना साक्षर म्हणून प्रमाणपत्रे मिळाली. ती वजा केली तरी १८ कोटींवर माणसे उरतात. महाराष्ट्राचे साक्षरतेचे प्रमाण त्याच जनगणनेत ८२.३४ टक्के होते. देशाच्या सरासरीपेक्षा हे बरेच पुढे आहे खरे. पण सरासरी हा आकडा फार गोड बोलतो. त्याच महाराष्ट्रात मुंबई उपनगर जिल्हा नव्वदीच्या घरात होता आणि नंदुरबार ६४ टक्क्यांच्या आसपास. राज्यात पुरुषांचे प्रमाण ८८ टक्क्यांवर, तर स्त्रियांचे ७६ च्या आत. शेजारच्या गोव्याने ३० मे २०२५ रोजी स्वतःला पूर्ण साक्षर राज्य म्हणून घोषित केले. अशा घोषणेसाठी ९५ टक्क्यांचा निकष धरला जातो. म्हणजे तेथेही शेवटची काही माणसे उरतातच. आणि साक्षरतेच्या कामात शेवटची माणसे हीच सर्वांत अवघड असतात. ती बहुधा स्त्रिया असतात, चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या असतात, मजुरीला जाणाऱ्या असतात, आणि 'आता ह्या वयात शिकून काय करायचे?' असे स्वतःच म्हणणाऱ्या असतात.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याला खरे उत्तर दिले पाहिजे.

एके काळी अंगठाबहाद्दराचे जग लहान होते. गावचा वाणी, पाटील, तलाठी ओळखीचे होते. फसवणूक झालीच तर ती ओळखीच्या माणसाकडून होई. आज त्याच बाईच्या नावे बँकेत खाते आहे, त्यात अनुदान जमा होते, तिच्या कमरेच्या पिशवीत मोबाइल आहे. आणि तो मोबाइल ती दुसऱ्याच्या हाती देते. आलेला संदेश शेजारच्या मुलाकडून वाचून घेते, पैसे काढताना गुप्त क्रमांक दुकानदाराला तोंडाने सांगते. जमिनीच्या हक्कसोडपत्रावर अंगठा उमटवताना कागदावर काय लिहिले आहे, ते भाऊ सांगेल तेच तिच्यासाठी खरे. महाराष्ट्राच्या पंचायतींमध्ये निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. पण ठरावाच्या वहीत काय लिहिले गेले, हे वाचता न येणाऱ्या सदस्येच्या वतीने कारभार कोण करते, हे येथे बसलेल्यांना सांगायला नको. बचत गटाची चळवळ गावोगाव पोहोचली. गटातील दहा-पंधरा जणींपैकी लिहिता-वाचता येणाऱ्या एक-दोघीच असल्या, की अध्यक्षपद आणि सचिवपद वर्षानुवर्षे त्यांच्याचकडे राहते. बाकीच्या पैसे भरतात आणि विश्वास ठेवतात. विश्वास चांगलाच, पण वहीतली स्वतःची ओळ वाचून ठेवलेला विश्वास अधिक टिकतो.

जुन्या योजनांनी 'सही करता आली की झाले' असे मानून पुष्कळ नुकसान केले. सही हे एक चित्र आहे. ते गिरवून पाठ करता येते. चित्र काढणाऱ्या बाईला कागद वाचता येतोच असे नाही, उलट आता तिची सही असल्यामुळे 'मला ठाऊक नव्हते' असे म्हणण्याचीही सोय राहत नाही. क्लबांनी सह्या शिकवण्याचा एकदिवसीय कार्यक्रम करू नये, ही विनंती येथेच करून ठेवलेली बरी.

ह्या वयात शिकून काय करायचे, ह्या प्रश्नाचे एक उत्तर ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील फांगणे ह्या छोट्या गावाने दिले आहे. गावात शिवजयंतीच्या निमित्ताने वाचन चालले होते. ज्यांना वाचता येत होते त्या बायका वाचत होत्या. म्हाताऱ्या नुसत्या ऐकत होत्या. आपल्यालाही वाचता आले असते तर, अशी खंत त्यांच्यापैकी काहींनी बोलून दाखवली. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती खंत मनावर घेतली, आणि ८ मार्च २०१६ रोजी 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या विद्यार्थिनी, अंगात गुलाबी नऊवारीचा गणवेश, खांद्याला दप्तर, हातात पाटी. ज्यांच्यातील कित्येकींनी वैधव्यानंतर रंगीत लुगडे नेसलेले नव्हते, त्या गुलाबी नेसून शाळेला निघाल्या. ह्या शाळेची छायाचित्रे देशोदेशींच्या वृत्तपत्रांनी छापली. पाहणाऱ्यांचे डोळे गुलाबी रंगावर खिळले, हे स्वाभाविक आहे. परंतु क्लबांनी त्या छायाचित्राच्या पलीकडे पाहायला हवे.

पहिली गोष्ट, मागणी गावातून आली. कोणीही बाहेरून येऊन 'तुम्ही अडाणी आहात' असे सांगितले नाही. दुसरी, शाळेची वेळ दुपारची, दोन ते चार. घरचे आवरलेले, उन्हे कलायची आहेत, अशी ती वेळ बायकांच्या दिवसातून शोधून काढलेली होती. कार्यालयाच्या सोयीने ठरवलेली नव्हती. तिसरी, शिकवणारी बाई बाहेरून आली नाही. गावातलीच एक सून शिक्षिका झाली, आणि तिची सासू विद्यार्थिनींत बसली. चौथी गोष्ट येथे बसलेल्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची: गणवेश, दप्तरे, पाट्या यांचा भार मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टने उचलला. म्हणजे पैसा बाहेरून आला, शिकवणे गावाचे राहिले. ही वाटणी फार शहाणपणाची आहे. अनेक चांगले प्रकल्प ती उलटी झाल्यामुळे बसले: शिकवायला शहरातून हौशी मंडळी आली, चार रविवार गेले, आणि खडू-फळ्याचा खर्च मात्र गावाने करावा अशी अपेक्षा राहिली.

आता क्लबांच्या स्वभावाविषयी थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. रोटरीचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. लायन्सचेही तसेच. पदग्रहण समारंभ होतो, नवे अध्यक्ष येतात, आणि प्रत्येक अध्यक्षाला आपल्या वर्षाची ओळख सांगणारा एक प्रकल्प हवा असतो. ही इच्छा मानवी आहे. तिच्यातून कितीतरी रक्तपेढ्या आणि स्मशानभूमीच्या शेडही उभ्या राहिल्या आहेत. पण मागच्या अध्यक्षांनी सुरू केलेला साक्षरता वर्ग पुढे चालवण्यात नव्या अध्यक्षांना फारसे श्रेय मिळत नाही. तो वर्ग मग ऑगस्टमध्ये विरळ होतो, गणपतीत बंद पडतो, आणि दिवाळीनंतर कोणाच्या लक्षातही राहत नाही. शिकणाऱ्या बाईच्या लक्षात मात्र राहतो. एकदा उमेद धरून पाटी घेतलेली बाई वर्ग अर्ध्यात बंद पडल्यावर दुसऱ्यांदा सहजासहजी येत नाही. 'मला जमले नाही' असे ती धरून चालते. चूक क्लबाची, आणि कमीपणा तिच्या वाट्याला.

'आमची रचनाच एका वर्षाची आहे', असे उत्तर यावर मिळते. हे उत्तर मान्य करण्यासारखे नाही, आणि ते अमान्य करण्याचा पुरावा क्लबांच्या स्वतःच्या इतिहासात आहे. रोटरीने पोलिओ निर्मूलनाचा जागतिक कार्यक्रम १९८५ मध्ये हाती घेतला. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह सगळा आग्नेय आशिया विभाग जागतिक आरोग्य संघटनेने पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित केला. ह्या काळात जुन्या क्लबांचे जवळजवळ अडीच डझन अध्यक्ष बदलले. रविवारी सकाळी शाळेच्या ओट्यावर लसीची थंड पेटी घेऊन बसणे कोणी सोडले नाही. एका वर्षाचे पदाधिकारी तीस वर्षांचे काम करू शकतात, हे आपणच सिद्ध केलेले आहे. पोलिओत एक सोय होती, हे मात्र खरे: थेंब पाजला की काम झाले, ते मोजता येते. साक्षरतेत थेंब दोनशे तासांचा आहे.

रोटरीच्या भारतातील शाखांनी साक्षरतेला वाहिलेले स्वतंत्र अभियानही चालवले आहे; त्याच्या पाच अंगांपैकी एक प्रौढ साक्षरतेचे आहे. जागतिक पातळीवर सप्टेंबर हा मूलभूत शिक्षण आणि साक्षरतेचा महिना म्हणून पाळला जातो. म्हणजे कागदावर काही कमी नाही. थायलंडमध्ये तर रिचर्ड वॉकर ह्या ऑस्ट्रेलियन शिक्षणतज्ज्ञ रोटेरियनने तेथील रोटेरियनांच्या साहाय्याने भाषाशिक्षणाची एक पद्धती शाळांत रुजवली. तिचे मूळ ऑस्ट्रेलियातील आदिवासी मुलांच्या शिक्षणातील प्रयोगांत होते. मुले आधी मिळून काहीतरी करतात, मग त्याविषयी बोलतात, आणि ते बोलणेच लिहून त्याचे वाचनपुस्तक होते. ती यशस्वी झाल्यावर थायलंडच्या सरकारने स्वीकारली. एका क्लबाने चिकाटीने केलेले काम सरकारच्या धोरणात कसे जाते, याचे हे उदाहरण आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

लायन्सविषयी वेगळे सांगायचे आहे. १९२५ साली अमेरिकेत लायन्सच्या अधिवेशनात हेलन केलर यांनी भाषण केले आणि अंधांच्या कामासाठी त्यांना साद घातली. तेव्हापासून नेत्रसेवा ही लायन्सची ओळख झाली. भारतात १९५६ मध्ये मुंबईत पहिला क्लब निघाला आणि मोतीबिंदूची शिबिरे खेड्यापाड्यांत पोहोचली. आता ह्या नेत्रसेवेची साक्षरतेशी सांगड घालून पाहावी. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते, हे आपण सारे जाणतो. आपल्या खिशात चष्मा असतो. पंचेचाळीस वर्षांच्या मजूर बाईच्या घरी तो नसतो, कारण तिला जवळचे बारीक काही पाहण्याची वेळच येत नाही. सुईत दोरा नातीकडून ओवून घेतला की भागते. ती पहिल्यांदा पुस्तक हाती धरते तेव्हा तिला अक्षरे धूसर दिसतात. ती समजते की आपल्या डोक्यात शिरत नाही. शिकवणारीही तसेच समजते. दहा दिवसांत ती वर्गाला येणे बंद करते, आणि गळती म्हणून तिची नोंद होते. प्रौढ साक्षरता वर्गाच्या पहिल्याच आठवड्यात डोळ्यांची तपासणी आणि वाचनाचा साधा चष्मा, एवढे एकच काम लायन्स क्लबांनी अंगावर घेतले, तर शंभर भाषणांनी होणार नाही ते होईल. ह्यासाठी नवे काही शिकायलाही नको. शिबिर तेच, डॉक्टर तेच. फक्त शिबिराची तारीख वर्गाच्या तारखेला बांधायची.

आपल्याकडे ही परंपरा परकी नाही, हेही ध्यानात घ्यावे. शिकागोत पॉल हॅरिस यांनी रोटरीचा पहिला क्लब काढला ते वर्ष १९०५. त्याच वर्षी पुण्यात गोखल्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. त्याच समाजाचे ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग उभारली आणि गिरणगावात रात्रशाळा, मोफत वाचनालये, फिरती ग्रंथालये चालवली. सुशिक्षित मध्यमवर्गीयांनी कामाच्या वेळेनंतर कामगारांच्या चाळीत जाऊन शिकवायचे, अशी ती पद्धत. त्याच्याही अर्धशतक आधी, १८५५ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात शेतकरी आणि कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली होती.

आणि साताऱ्याची ग्रामशिक्षण मोहीम! ती १९५९ मध्ये सुरू झाली आणि लवकरच राज्यभर गेली. तिचे सामर्थ्य असे की साक्षर होण्याचा निर्धार एकेका माणसाने न करता सगळ्या गावाने करायचा. शाळामास्तर, शिकलेली पोरे, ज्याला येते त्याने शिकवायचे, मोबदला नाही. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ व्हायचा आणि तो गावच्या जत्रेसारखा साजरा व्हायचा. सरकारी तिजोरीवर तिचा भार अगदी थोडा होता. आज ह्या मोहिमेची आठवण फार थोड्यांना आहे. आणखी एक गोष्ट तिच्याकडून शिकायची आहे, जरा कडू आहे. शिकलेल्यांच्या हाती पुढे वाचायला काही आले नाही तिथे अक्षरे पुसली गेली. ज्यांचा सत्कार झाला, त्यांतील अनेक जण काही वर्षांनी पुन्हा अंगठ्यावर आले.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना हा धोका फार आधी कळला होता. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला, १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला, आणि मग त्यांच्या लक्षात आले की शाळा सुटल्यावर पुस्तक सुटले तर सारा खर्च पाण्यात जाईल. म्हणून १९१० मध्ये विल्यम बॉर्डन ह्या ग्रंथपालाला अमेरिकेतून बोलावून त्यांनी संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले. जिथे ग्रंथालय होऊ शकत नव्हते तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरवल्या. संस्थानिकाने जे केले ते आज एखादा क्लब आपल्या दहा गावांपुरते सहज करू शकतो. पेटीत जाड ग्रंथ नकोत. मोठ्या टाइपातील लहान पुस्तके, ओव्या-अभंग, शेतीची माहिती, सणावारांच्या कथा, देवळात वाचता येतील अशा पोथ्या. फांगण्याच्या आजींना काय वाचायचे होते, हे विसरून चालणार नाही.

आता प्रत्यक्ष काम कसे करावे. केंद्र सरकारचा 'उल्लास – नवभारत साक्षरता कार्यक्रम' २०२२ ते २०२७ ह्या पाच वर्षांसाठी आहे. पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी असलेल्या ह्या कार्यक्रमाचा सगळा डोलारा स्वयंसेवकांवर उभा आहे, आणि त्या स्वयंसेवकाला मानधन नाही. परीक्षेची तीन अंगे आहेत: वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी पन्नास गुण. गावची शाळा हे त्याचे केंद्र असते. म्हणजे पुस्तक आहे, परीक्षा आहे, प्रमाणपत्र आहे. नाही तो माणूस, जो रोज संध्याकाळी वर्ग उघडेल. क्लबाने स्वतःचे वेगळे वाचनपुस्तक छापण्याच्या फंदात पडू नये. मुख्याध्यापकांना भेटून गावातील निरक्षरांची यादी पाहावी, आणि हा माणूस शोधावा.

तो शहरात सापडणार नाही. वस्तीतच बारावी झालेली, पुढे शिकण्याची इच्छा असलेली, घरच्यांनी 'आता पुरे' म्हटलेली एखादी मुलगी असते. क्लबाने तिच्या पुढच्या शिक्षणाची फी भरावी आणि तिने वर्ग घ्यावा. सातपुड्यात हे विशेष खरे आहे. तेथील आयांची भाषा भिली किंवा पावरी असते; पुण्याकडचा प्रमाण मराठीतला 'ताई, बसा' त्यांना परका वाटतो. त्यांच्या बोलीत समजावणारी मुलगी असेल तर पुस्तक मराठी असूनही अडत नाही. शहरातील सेवावस्तीत ज्येष्ठ नागरिक संघांकडे वळावे. निवृत्त शिक्षक आणि शिक्षिका तेथे सकाळ-संध्याकाळ बाकावर बसलेल्या सापडतात. त्यांना कोणी विचारलेले नसते, एवढेच. शिक्षकाने एक पथ्य मात्र पाळावे: प्रौढांपुढे बालवर्गाचा आवाज काढू नये. ज्या बाईने चार लेकरे वाढवली आणि दुष्काळात घर चालवले, तिला 'शाब्बास बाळा' म्हणू नये. गमभन शिकवावे, अवश्य शिकवावे, त्या अक्षरांची वळणे सोपी आहेत. पण पहिल्या दिवशी तिचे स्वतःचे नाव, तिच्या गावाचे नाव आणि एसटीच्या पाटीवरचा शब्द फळ्यावर यावा. विळा-कुदळ धरलेल्या बोटांत पेन्सिल राहत नाही, टोक मोडते. म्हणून सुरुवातीला जाड खडू आणि मोठी पाटी. बोटे वळायला पंधरा दिवस लागतात, आणि तेवढे दिवस चेष्टा न करणे हे शिकवण्याचेच काम आहे.

हंगामाकडे पाहून वर्ग ठेवावा. जेथून ऊसतोडीला टोळ्या जातात तेथे दसरा-दिवाळीनंतर वर्ग उघडणे म्हणजे रिकाम्या गावात फळा टांगणे. तेथे पावसाळ्याचे महिने बरे. भात लावणीच्या भागात जुलै सोडून द्यावा. कपाशीच्या भागात वेचणी संपू द्यावी. ह्या गोष्टी क्लबाच्या बैठकीत ठरत नाहीत. गावच्या बायकांना विचारून ठरतात.

सदस्यांनी काय करावे? प्रत्येकाने रोज जाणे शक्य नाही आणि तशी अपेक्षाही नाही. चाळीस सदस्यांचा क्लब असेल तर एकेकाने महिन्यातून एक संध्याकाळ दिली तरी वर्गात रोज कोणीतरी बाहेरचे माणूस येते. त्याने शिकवावे असेही नाही. बँकेत काम करणाऱ्याने पैसे भरण्याची आणि काढण्याची पावती घेऊन जावी व ती भरून घ्यावी. वकिलाने सात-बाराचा उतारा वाचून दाखवावा. डॉक्टरने औषधाच्या वेष्टनावरची मुदत कुठे छापलेली असते ते दाखवावे. रोटरीत प्रत्येक व्यवसायातला माणूस असावा, अशी मूळ कल्पना आहे. तिचा इतका सार्थ उपयोग क्वचितच सापडेल. इनर व्हीलच्या भगिनी, जायंट्स, गणेशोत्सव मंडळे, भजनी मंडळे यांनाही हेच लागू आहे. मंडळांकडे तर वस्तीतच जागा असते, दिवा असतो, पंखा असतो. अकरा दिवसांनंतर ती जागा बहुतेक वर्षभर कुलपात राहते.

राहता राहिला तो पदग्रहणाचा प्रश्न. त्यावर एक साधा उपाय आहे. एका क्लबाने एकच वस्ती घ्यावी आणि तीन वर्षांसाठी घ्यावी, तसा ठराव कार्यकारिणीत व्हावा. पहिले वर्ष वर्गाचे, दुसरे राहून गेलेल्यांचे आणि पुस्तकांच्या पेटीचे, तिसरे ती पेटी वस्तीतल्याच बायकांच्या हवाली करण्याचे. दर १ जुलैला जुने अध्यक्ष नव्या अध्यक्षांच्या हाती घंटा आणि पदचिन्ह देतात, त्यासोबत एक वहीही द्यावी. तिच्यात वस्तीतील शिकणाऱ्या प्रत्येकीचे नाव असावे, ती कितव्या धड्यावर आहे ते असावे, चष्मा मिळाला की नाही ते असावे, आणि जिने येणे सोडले तिच्या घरी कोण जाऊन आले, तेही असावे.